नावे आणि जमा

१३ जुलै २०२२ रोजी, गुरुपौर्णिमेच्या सकाळी, सांगलीत कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना शेवाळावरून माझा पाय घसरला आणि तोल सावरण्यासाठी टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. पाऊस भुरभुरत होता आणि घाटावर फारसे कोणी नव्हते. पंचविशीतल्या एका तरुणाने मला उठवून बसवले, स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलाने माझा हात गळ्यात बांधला, वर आणून रिक्षात घातले आणि तो दवाखान्यापर्यंत सोबत आला. रिक्षाचे पैसेही त्यानेच दिले. माझी पत्नी दवाखान्यात पोहोचल्यावर तो "येतो मी" एवढेच म्हणून निघून गेला. त्याचे नाव मी विचारले नाही. त्या वेळी वेदनेखालोखाल मला चिंता होती ती घाटावर राहिलेल्या माझ्या छत्रीची, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पण पुढच्या सगळ्या हकिगतीचा आरंभ त्या न विचारलेल्या नावापासून होत असल्याने ते लिहिणे भाग आहे.

मी पस्तीस वर्षे एका नागरी सहकारी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीचशी हिशेब विभागात गेली. जन्मभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला चुका आधी दिसतात; बरोबर असलेल्या शंभर नोंदींकडे त्याचे लक्ष जात नाही आणि न जुळणारी एकच नोंद त्याला रात्रभर जागवते. बँकेत हा गुण समजला जातो. निवृत्तीनंतर तोच स्वभाव घरात वापरला जाऊ लागला, तेव्हा मात्र जेवणाच्या पानावर बसल्यावर माझ्या तोंडून दिवसभराच्या तक्रारींखेरीज फारसे काही निघेनासे झाले. प्लास्टरच्या सहा आठवड्यांत त्याची कमाल झाली. शर्टाची बटणे, दाढी, आंघोळ, भाकरीचा तुकडा मोडणे, यांतले एकही काम मला एका हाताने धड जमत नव्हते, आणि जो जो मदतीला येई त्याच्या कामातली चूक मी काढत असे.

२४ ऑगस्टला प्लास्टर निघाले तेव्हा बोटे लाकडासारखी ताठ झालेली होती. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी गरम मेणाचा शेक, रबरी चेंडू दाबणे वगैरे नेहमीचे व्यायाम दिले आणि वर आणखी एक सांगितले, की रोज पानभर तरी हाताने लिहीत जा. काय लिहायचे हा प्रश्न होता. रामनाम लिहावे असे पत्नीने सुचवले, पण एकच शब्द पुनःपुन्हा लिहिण्याइतकी माझी श्रद्धा नाही आणि तेवढा संयमही नाही. पुण्याला असणारी धाकटी मुलगी मानसशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणाली, "बाबा, दिवसात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, आणि त्या का घडल्या तेही लिहा." मी हसण्यावारी नेले, तेव्हा तिने मला हिशेबनिसाला पटेल अशा भाषेत सांगितले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांचे तीन गट करून दहा आठवडे त्यांच्याकडून आठवड्याला नोंदी करून घेतल्या होत्या. एका गटाने कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी आणि तिसऱ्याने नुसत्या घटना. पहिल्या गटातल्या मुलांनी आपल्या एकूण आयुष्याविषयी इतरांपेक्षा अधिक समाधान नोंदवले. "तुम्ही साठ वर्षे दुसऱ्या गटात आहात," असेही ती म्हणाली. मुली बापाशी बोलताना फारसा आडपडदा ठेवत नाहीत.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, मी शंभर पानी वहीत पहिली नोंद केली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे वेडेवाकडे होते. "पाऊस उघडला. मोदक चांगले झाले. अंगठा तर्जनीला टेकला." या तीन नोंदींना मला पाऊण तास लागला. पहिल्या आठवड्यात मौज वाटली, कारण हाताला नवे काम मिळाले होते आणि गौरी-गणपतीमुळे घरात सांगण्यासारखे घडतही होते. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र मजकूर आटला. "तब्येत बरी. जेवण चांगले झाले. झोप लागली." हेच दुसऱ्या दिवशी, हेच तिसऱ्या दिवशी. बँकेत रोज संध्याकाळी जे शिक्के आम्ही यंत्रवत मारत असू त्यांची मला आठवण झाली. "का घडले" या प्रश्नापुढेही मी "नशीब" किंवा "देवाची कृपा" असे लिहून मोकळा होत असे, आणि देवाच्या नावावर केलेली ती नोंद प्रत्यक्षात कोणाच्याच नावावर नसे.

२० सप्टेंबरच्या रात्री, पितृपक्ष चालू असताना, मी सवयीने मागची वीस पाने तपासायला घेतली. सुमारे साठ नोंदी होत्या. पाऊस, ऊन, चहा, मोदक, आरतीचा प्रसाद, नातवाचा फोन, बोटांची हालचाल, गाढ झोप. हे सगळे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले की जिने बेचाळीस दिवस माझी बटणे लावली, पाठ चोळली, पोळीचे घास करून ठेवले आणि रात्री हाताखाली उशी सरकवली, तिचा त्या साठ नोंदींत एकदाही उल्लेख नव्हता. चहा होता, पण चहा करणारी नव्हती. मोदक आपोआप झाल्यासारखे लिहिले होते. माझ्या हाताखालच्या एखाद्या कारकुनाने असे व्हाउचर माझ्यापुढे आणले असते, की रक्कम आहे, तपशील आहे आणि देणाऱ्याचे नाव नाही, तर मी ते सही न करता परत पाठवले असते.

हिशेब शिकताना पहिल्याच आठवड्यात एक नियम घोकून घेतात: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. 'नावे' म्हणजे ज्याने घेतले त्याच्यावरचे देणे, 'जमा' म्हणजे ज्याने दिले त्याचे येणे. मी वीस दिवस जे करत होतो ते नेमके उलटे होते. जे जे मिळाले ते मी स्वतःकडे जमा धरत होतो आणि आपली शिल्लक किती वाढली हे पाहून खूश होण्याचा प्रयत्न करत होतो. खरी नोंद माझ्या नावे पडायला हवी होती आणि जमा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्याला व्हायला हवे होते. त्या रात्री मी पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात काय मिळाले, दुसऱ्यात कोणाकडून, आणि तिसऱ्यात त्यासाठी त्या माणसाला काय करावे लागले. हा तिसरा रकाना भरताना मला जितका वेळ लागला तितका आधीच्या दोन्हींना मिळून लागला नाही. चहाच्या नोंदीपुढे "पहाटे साडेपाचला उठणे, दूध तापवणे, आले किसणे" असे लिहिताना कळले की ही स्त्री गेली चौतीस वर्षे साडेपाचला उठते आहे आणि तिला पहाटेची झोप अतिशय प्रिय आहे, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती भाजी निवडत असताना, मी तिला म्हणालो, "अगं, माझ्या आजारपणात तू फार केलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले." तिने वर पाहिले, माझ्या चेहऱ्यावर ताप-बीप दिसतो का याचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "अहो, मी काय पाहुणी आहे का?" संभाषण तेथेच संपले. मला अपमान झाल्यासारखे वाटले, पण तिचेही बरोबर होते. आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत. आभार परक्याचे मानायचे असतात, आणि घरातल्या माणसाचे मानले तर त्याला उंबऱ्याबाहेर उभे केल्यासारखे होते. सार्वजनिक जीवनात आभाराला उरलेले एकमेव स्थान म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी होणारे आभारप्रदर्शन, ज्यासाठी वक्ता उठला की अर्धे सभागृह चपला शोधू लागते, आणि ज्यात मांडववाल्यापासून "ज्ञात-अज्ञात" सर्वांपर्यंत नावे घेतली जात असली तरी ऐकायला उरतो तो खुर्च्या गोळा करणारा. तेव्हा शब्दांनी हे काम होणार नाही एवढे उमजले. दोन दिवसांनी मी गजर लावून सव्वापाचला उठलो आणि डाव्या हाताने, ओट्यावर बरेचसे सांडत, दोघांचा चहा केला. तिने तो अंथरुणात बसून घेतला. काही बोलली नाही. त्यानंतर सकाळचा चहा माझ्याकडे आला तो आजतागायत.

लहानपणी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबा बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करत, ती मला या निमित्ताने आठवली. बेंदराच्या दिवशी शिंगे रंगवणे, बेगड लावणे, झूल घालणे, पुरणपोळी चारणे हे सगळे मिरवण्याचे असते आणि ते मुलांना आवडते. आदल्या संध्याकाळची खांदमळणी मात्र गोठ्यात, कोणी पाहत नसताना व्हायची. वर्षभर जू जिथे बसते आणि कातडी जिथे घट्ट झालेली असते, नेमक्या त्या जागी आजोबा कोमट पाण्याने शेकत आणि हळद-तेल चोळत. बैलाच्या पाठीवरून त्यांनी नुसता हात फिरवला असता तरी ते प्रेमच ठरले असते, पण त्यांचा हात ओझ्याच्या जागेवर जात असे, कारण ओझे कुठे पडते हे त्यांना माहीत होते. कृतज्ञ या शब्दाची फोडही तेच सांगते: जे केले गेले ते जाणणारा. जाणणे आधी आणि बाकीचे नंतर. माझ्या वहीचा तिसरा रकाना ही माझ्या परीने केलेली खांदमळणीच होती, फक्त ती वर्षातून एकदा न करता रोज करायची होती, आणि रोज करण्यातच सगळी अडचण होती.

सवय लावण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा, की निश्चयाचा उपयोग पंधरा दिवस होतो. आधी मी झोपण्यापूर्वी लिहीत असे, पण त्या वेळी डोळे मिटत असत आणि नोंद उरकली जात असे. मग सकाळी फिरून आल्यावर लिहून पाहिले, तर वर्तमानपत्र मध्ये येई. शेवटी रात्रीच्या जेवणानंतर मी रक्तदाबाची जी गोळी घेतो तिच्या डब्याखाली वही ठेवली. डबा उचलल्याशिवाय गोळी मिळत नाही आणि डबा उचलला की वही दिसते. गोळी गेली अकरा वर्षे चुकलेली नव्हती, तिच्या आधाराने वहीही चालू लागली. तरी ऑक्टोबरअखेर, दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत, तीन दिवस कोरे गेले. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, तीन दिवस कोरे जाणे म्हणजे काय हे हिशेबातल्या माणसालाच कळेल. साखळी तुटली, आता नव्या वर्षापासून नव्याने पाहू, असे म्हणून मी वही कपाटात टाकली. भाऊबीजेला आलेल्या मुलीने ती बाहेर काढली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासाबद्दल तिने सांगितले, की नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवसांत जमले तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला, आणि मधली एखादी खेप चुकल्याने फारसा फरक पडला नाही. "एकवीस दिवसांत सवय लागते" असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवून मी स्वतःला नापास ठरवले होते. कोऱ्या तीन दिवसांवर मी एक तिरकी रेघ मारली, खाली सही केली आणि चौथ्या दिवसापासून पुढे लिहू लागलो. वही गोळीइतकी आपोआप कधी झाली हे नेमके सांगता येणार नाही, पण पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत ती झालेली होती.

दुसऱ्या रकान्यातली नावे शोधण्यात पुढचे काही महिने गेले आणि हा काळ सर्वांत आनंदाचा होता. नळाला पाणी आले, ही नोंद करायची तर ते सोडले कोणी? आमच्या भागात पहाटे पाणी येते. एका पहाटे मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो, तेव्हा लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून येणारा माणूस दिसला. तो रस्त्यातले झाकण उघडून, गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह फिरवतो, पाण्याचा आवाज ऐकतो आणि पुढच्या गल्लीत जातो. पाऊस असो वा थंडी, त्याची फेरी पावणेपाचला सुरू होते. आमच्या गल्लीत मी सत्तावीस वर्षे राहतो आहे आणि पाणी उशिरा आल्याची तक्रार मी किमान पन्नास वेळा केली असेल. पाणी वेळेवर येते तेव्हा कोणीतरी वेळेवर उठलेले असते, हा विचार त्या पन्नास वेळांत एकदाही मनात आला नव्हता. आता आठवड्यातून एकदा मी त्याला फाटकाशी थांबवून चहा देतो. तो घाईत असतो, बशीत ओतून उभ्याउभ्या पितो.

याच काळात माझ्या वहीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचे नाव डिसेंबरअखेर अकरा वेळा आले होते. तिसऱ्या रकान्यात मी मोठ्या तपशिलाने लिहिले होते: दोन किलोमीटर चालत येणे, गार पाण्यात हात, माझे प्लास्टर होते तेव्हा न सांगता माझी चप्पल पायापाशी ठेवणे. एका रात्री मी कौतुकाने ते पान पत्नीला वाचून दाखवले. तिने शांतपणे विचारले, "त्यांचा पगार आपण शेवटचा कधी वाढवला?" मी आठवू लागलो. करोनाच्या आधी. म्हणजे तीन वर्षे. माझा महागाईभत्ता नोकरीत असताना एक तिमाही उशिरा जमा झाला तर मी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना धारेवर धरत असे, आणि येथे अकरा वेळा सुंदर शब्दांत ऋण मान्य करून एका रुपयाचीही फेड झाली नव्हती. जानेवारीपासून पगार बाराशेचा अठराशे केला, महिन्याच्या चार सुट्ट्या ठरवून दिल्या आणि दिवाळीला एक पगार जास्त देण्याचे कबूल केले. मावशींना याचे फार अप्रूप वाटले असे नाही. "बरं झालं, मी आता विचारणारच होते" असे त्या म्हणाल्या. मला ते उत्तर आवडले. तेव्हापासून वहीत एक चौथा, अरुंद रकाना आला आहे, ज्यात फक्त "झाले" किंवा "बाकी" एवढेच लिहायचे असते. मनाला बरे वाटावे म्हणून कृतज्ञतेच्या वह्या लिहिणारे पुष्कळ असतात आणि तो मार्ग चुकीचा नाही, पण ज्याचे आपण पैशांत देणे लागतो त्याच्या बाबतीत नुसते बरे वाटून घेणे ही एक प्रकारची उधळपट्टी आहे, असे माझे मत झाले आहे.

फेब्रुवारीत मी मिरजेला गेलो. १९८८ साली मी रोखपालाच्या खिडकीवर नवा असताना एका संध्याकाळी रोकड मोजल्यावर हजार रुपये कमी आले होते. त्या वेळी माझ्या पगाराच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती आणि कमी आलेली रोकड ज्याची त्याने भरायची अशी रीत होती. सगळे घरी गेले, पण आमचे मुख्य रोखपाल, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, माझ्यासोबत थांबले. त्या काळी नोटांच्या गड्ड्या तारेने टाचलेल्या असत. रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावले ते २००१ मध्ये. अण्णांनी तिजोरीतली एकेक गड्डी उलगडून पाहायला सुरुवात केली, आणि साडेनऊच्या सुमारास दहाच्या गड्ड्यांच्या थप्पीत विसाची एक गड्डी सापडली. तिची मोजणी दोन हजारांऐवजी एक हजार धरली गेली होती. अण्णांच्या बोटांना तारा टोचून रक्त आले होते. मी त्या रात्री घाईत शेवटची एसटी पकडली आणि नंतर त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

मुलीने सांगितले होते की ज्याचे आभार मानायचे राहिले त्याला पत्र लिहून ते समोर बसून वाचून दाखवण्याचा एक प्रयोग मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केला होता, आणि त्याचा मनावर होणारा परिणाम मोठा असला तरी महिन्याभरानंतर ओसरत जातो. उलट रोजच्या तीन गोष्टी लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता. मी दोन पाने लिहून नेली. अण्णा आता पंचाऐंशीचे आहेत, ऐकू कमी येते. मी मोठ्याने वाचले, वाचताना माझाच आवाज दोनदा अडखळला. वाचून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला हे काही आठवत नाही रे. अशा कितीतरी संध्याकाळी असायच्या." मग त्यांनी मला विचारले की मी त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढप केले होते ते मला आठवते का. मला ते अजिबात आठवत नव्हते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलो. सूनबाईंनी भडंग आणि चहा आणून ठेवला, आणि मग आम्ही बँकेतल्या जुन्या चोरट्या उंदराविषयी बोललो, जो दर मार्चअखेरीस कागद कुरतडत असे. परत येताना सिटी बसमध्ये मला वाटत राहिले की देणाऱ्याच्या खात्यात जे नोंदलेच गेलेले नाही ते घेणाऱ्याने पस्तीस वर्षे जपून ठेवणे, यात हिशेबाचा कोणता नियम लागू पडतो. तो आनंद, संशोधकांनी म्हटल्याप्रमाणेच, महिनाभर टिकला.

मे महिन्यात माझा थोरला भाऊ गेला. त्या दिवशी वहीत "आज काही नाही" एवढेच लिहिले आहे आणि पुढचे नऊ दिवस तेही नाही. या काळात भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी, फार यातना न होता गेले याबद्दल देवाचे आभार माना, असा सल्ला दिला. तो सद्भावनेने दिला होता हे मान्य करूनही मला त्यांचा राग आला आणि अजूनही येतो. माणसाला दुःख करू न देण्यासाठी कृतज्ञतेचा वापर करू नये. दहाव्यानंतर वही उघडली तेव्हा लिहिण्यासारखे पुष्कळ साचलेले होते. खांदेकरी कोण होते, सरणाची लाकडे कोणी रचली, रात्री अंगणात कोण झोपायला थांबले. गावाकडच्या रीतीप्रमाणे चूल पेटली नव्हती तेव्हा भावकीतल्या घरांतून कडू घास आला होता, पिठले-भाकरी आणि पातळ आमटी. तिसऱ्या दिवशी ज्या घरून डबा आला त्या घराशी आमचे बांधावरून दोन वर्षे बोलणे नव्हते. कडू घासाचे आभार मानायचे नसतात. त्या घरावर तशी वेळ येईल तेव्हा आपण डबा घेऊन जायचे असते, आणि तोवर ते देणे उघडे राहते. त्या ओळीपुढे चौथ्या रकान्यात मी "बाकी" लिहिले आणि मनापासून इच्छा केली की ती बाकी दीर्घकाळ तशीच राहो.

आता चौथी वही चालू आहे. रोज तीन नोंदींचा आग्रह मी सोडला. त्याने पुन्हा शिक्के मारल्यासारखे होऊ लागले होते. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला होता, असे मुलगी सांगते. मी मधला मार्ग काढला आहे: रोज एकच ओळ, पण तिच्यात माणूस असला पाहिजे, आणि रविवारी सावकाश पानभर. तक्रारी पूर्णपणे गेल्या असे पत्नी म्हणणार नाही. जेवणाच्या पानावर मी अजूनही सुरुवात तक्रारीने करतो, फक्त मध्येच थांबतो. मनगट पूर्वीइतके वाकत नाही, अक्षर मात्र नोकरीत असताना होते त्यापेक्षा बरे आले आहे.

प्रत्येक वहीचे शेवटचे पान मी सस्पेन्स खात्यासाठी राखून ठेवतो. रक्कम आली, पण कोणाची हे कळले नाही, तर बँकेत ती या खात्याला टाकून ठेवतात आणि खरा धनी सापडला की तिकडे वळती करतात. माझ्या या पानावर बहुतेक नोंदी चार-सहा महिन्यांत निकाली निघतात. चौकातला बंद दिवा कोणी दुरुस्त केला, मंदिराच्या ओवरीत प्यायच्या पाण्याचा माठ कोण भरून ठेवते, याची नावे विचारत गेले की मिळतात. पहिल्या वहीपासूनची एक नोंद तेवढी निघालेली नाही. "१३ जुलै २०२२. कृष्णेचा घाट. पंचविशीतला मुलगा, निळा शर्ट. हात बांधला, दवाखान्यात नेले, रिक्षाभाडे दिले. टॉवेल आपल्याकडे आहे." टॉवेल धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेला आहे. घाटावर फुले विकणाऱ्या बाईंना, नावाड्यांना, रिक्षाथांब्यावर, सगळीकडे विचारून झाले. दर ३१ मार्चला मी ती नोंद पुढच्या वहीत ओढतो.